जावयाचा आहेर

खोऱ्यातल्या फुटबॉल लीगचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, हे एका परीने बरंच झालं. लिहिला असता तर पहिल्याच पानावर हाणामारी झाली असती. अजूनही तिथली म्हातारी माणसं एकत्र बसली की पहिला चेंडू कुणी आणला इथून बोलणं सुरू होतं आणि कुणाचा आजोबा मैदानातून पळाला होता इथे येऊन संपतं. म्हणून इतिहास राहू द्या बाजूला. झेल्याची गोष्ट ऐका. इतिहास तिच्यात आपसूक येईल, न येऊन जातो कुठे!

नदीच्या काठाने पाच गावं, आणि दर गावाचा एक धंदा. सगळ्यात वर बेकरी, सगळ्यात खाली वीटभट्टी, मधे काचेचा कारखाना, छापखाना आणि शिंप्यांचं गाव. सुट्टीच्या दिवशी या गावांतली तरणी माणसं काय करायची, तर एकमेकांच्या गावात जाऊन भांडायची. कारण लागत नसे. शेवटी पोस्टमास्तर वैतागले. ते शहरात राहून आले होते आणि तिथे त्यांनी फुटबॉल पाहिला होता. ‘‘भांडायचंच आहे ना? मग नियमाने भांडा की!’’ असं म्हणून त्यांनी एक चेंडू मागवला, एक पितळी चषक मागवला, आणि लीग सुरू झाली.

आता धंदा माणसाच्या अंगात किती मुरतो हे ज्याला बघायचं असेल त्याने ती लीग बघायला हवी होती. काचवाले चेंडूला लाथ मारायचे ती इतकी अलगद, की जणू तडा जाईल. जन्मभर जपून वागलेली माणसं, धसमुसळेपणा आणणार कुठून? छापखान्यातल्यांचे डोळे उलटी अक्षरं वाचून इतके सरावले होते की मध्यंतरानंतर निम्मे जण चुकीच्या बाजूला धावायचे. शिंप्यांचे कपडे बघत राहावेत असे, पण पडायला एकही तयार नाही. गुडघ्याला माती लागली की खेळ सोडून झटकत बसायचे. बेकरीवाले मात्र तगडे. रोज पोत्याच्या पोती पीठ मळून त्यांचे दंड असे झाले होते की त्यांच्या वाटेला जाण्यापेक्षा चेंडू देऊन टाकलेला बरा.

पंच होता न्हावी. तो पाचही गावं फिरून हजामती करायचा, म्हणून सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही. त्याच्या निर्णयावर कुणी हूं की चूं करत नसे. करणार कसं? दोन दिवसांनी त्याच्याच वस्तऱ्याखाली मान द्यायची असायची.

वीटभट्टीचा गोलकीपर म्हणजे आपला झेल्या. खरं नाव काहीतरी चांगलं होतं, पण ते आठवायला त्याच्या आईलाही जरा वेळ लागायचा. भट्टीवर विटा झेलायचा म्हणून झेल्या. भाजलेल्या विटा भट्टीतून गाडीपर्यंत न्यायच्या तर माणसांची ओळ लागते. पुढच्याने विटांची जोडी टाकायची, आपण ती झेलायची, वळायचं आणि मागच्याकडे टाकायची. बघायचं नाही, विचार करायचा नाही. मागे माणूस आहेच, आणि तो झेलणारच. मुकादम ओळीत उभा राहून ‘‘हां, दे! हां, दे!’’ असा ताल धरायचा. ओळ थांबली की त्याच्या पोटात गोळा यायचा. जेवायची सुट्टीसुद्धा तो द्यायचा ती अशी, की त्याच्या खिशातूनच चाललीय.

झेल्याच्या हातून कधी वीट निसटली नव्हती, त्यामुळे गोलात कोण उभं राहणार हा प्रश्नच आला नाही. पहिल्या वर्षी त्याने काय काय अडवलं म्हणता! काचवाल्यांचा एक चेंडू तर त्याने एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने डोकं खाजवलं.

घोळ झाला तो शेवटच्या सामन्यात. वीटभट्टी विरुद्ध बेकरी, जिंकेल त्याचा चषक. आणि खरी गोम इथेच होती, कारण झेल्या बेकरीवाल्यांचा जावई. बेकरीच्या मालकाची मुलगी त्याची बायको, आणि बेकरीकडून गोल मारायला सगळ्यात पुढे असायचा तो त्याचा सख्खा मेहुणा. सामना संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता. मेहुण्याने चेंडू हाणला, झेल्याने तो झक्क झेलला, वीटभट्टीवाल्यांनी हुश्श केलं. आणि झेल्या वळला आणि त्याने चेंडू मागच्याकडे टाकला.

मागे कोण असणार, कपाळ? मागे गोल होता!

त्या काळात गोलाला जाळी नव्हती. दोन खांब आणि वर एक दोरी. चेंडू खांबांमधून घरंगळत पार कुंपणापर्यंत गेला आणि न्हाव्याने शिट्टी फुंकली. झेल्या आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. ‘‘हात आपोआप गेले,’’ एवढंच तो म्हणाला. मुकादमाला म्हणाला, संघातल्यांना म्हणाला, पोस्टमास्तरांना म्हणाला. कुणाला पटलं? छे! संध्याकाळ व्हायच्या आत पाचही गावांत एकच बोलणं, ‘‘जावयाने आहेर केला!’’

मुकादम तर संघाचा कप्तान. त्याने झेल्याला सगळ्यांसमोर झाडलं. ‘‘आपोआप? आम्ही काय भट्टीवर माशा मारतो? आम्हीही विटाच झेलतो. आमचे हात नाही कुठे आपोआप जात!’’

त्या दिवसापासून झेल्याचं जिणं कठीण झालं. ओळीत पुढचा माणूस विटा त्याच्या हातात टाकेना, त्याच्या पायाशी ठेवायला लागला. ‘‘न जाणो बाबा, सासऱ्याकडे टाकशील!’’ की सगळी ओळ फिदीफिदी. झेल्याने वाकून विटा उचलायच्या, तोवर ओळ थांबायची, आणि ओळ थांबली की मुकादमाचा पारा चढायचा. शेवटी मुकादमाने त्याला ओळीतून काढलं आणि राख उपसायला लावलं. ज्या माणसाने हातांवर नाव कमावलं त्याच्या हातात फावडं आलं. झेल्याला ते फार लागलं. पण रडला नाही, भांडला नाही, मुकाट्याने राख उपसत राहिला.

सासुरवाडीलाही काही सुख नव्हतं. लोकांना वाटायचं तिकडे त्याची आरती ओवाळत असतील. कसलं काय! सासऱ्यांनी चषक कपाटात पाठमोरा ठेवला होता. ‘‘समोरून बघितला की त्यात मला जावईबापूंचं तोंड दिसतं,’’ असं ते म्हणायचे. मेहुण्याचा तर वेगळाच त्रागा. ‘‘दाजी, पुढचा फटका मी असा मारणार होतो की बघत राहिला असता! हक्काचा गोल होता माझा, आणि तुम्ही मधेच तो फुकट वाटलात! आता कुणी मला नावाजत नाही.’’

त्याच्यावर विश्वास ठेवणारं अख्ख्या खोऱ्यात एकच माणूस होतं, ती त्याची बायको. आणि ती काही प्रेमापोटी विश्वास ठेवत नव्हती, तिच्याकडे पुरावा होता. लग्नानंतर तिने पहिल्यांदा नवऱ्याच्या हातात चहाचा कप दिला तेव्हा त्याने तो घेतला, वळला आणि मागे दिला. मागे भिंत होती. माहेरून आलेल्या सेटातले आता दोनच कप उरले होते. ‘‘माझ्या डोळ्यांदेखत चार कप गेले,’’ ती बायकांना सांगायची, ‘‘ते काय त्यांनी भिंतीला आहेर केले?’’ पण बायकोची साक्ष, आणि तीही बेकरीवाल्यांच्या मुलीची. कोण धरणार जमेला?

दुसऱ्या वर्षी लीग सुरू झाली तेव्हा मुकादमाने गोलात आपला साडू उभा केला. साडू माणूस चांगला, पण चेंडू जवळ आला की डोळे मिटून घ्यायचा. शिंप्यांनी, हो, शिंप्यांनी, त्याच्यावर तीन गोल केले, तेही कपड्यांना डाग न लागता. तेव्हा नाक मुठीत धरून मुकादम राखेच्या ढिगापाशी आला.

‘‘उभा राहा उद्यापासून,’’ तो झेल्याकडे न बघता म्हणाला. ‘‘पण एक सांगून ठेवतो. पुन्हा आहेर केलास तर राख उपसायलाही यायचं नाही. सासऱ्याच्या बेकरीत जा आणि पाव झेलत बस.’’

झेल्या घरी आला तो पडलेल्या तोंडाने. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. ‘‘चला अंगणात,’’ म्हणाली.

‘‘आता कशाला?’’

‘‘तुमचे हात वळणावर आणते.’’

तिथून रोज संध्याकाळी अंगणात तो तमाशा सुरू झाला. ती लांबून काहीतरी फेकायची, त्याने ते झेलायचं आणि छातीशी धरून ठेवायचं. पहिल्यांदा उशी. उशी मागे गेली. मग कोबीचा गड्डा. कोबी मागे शेजारणीच्या दारात. शेजारीण म्हणाली राहू दे, भाजी मीच करते. बायको बेकरीत वाढलेली, मैद्याची पोती उचललेली, तिचा हात काय विचारता! लाल भोपळा आला तेव्हा तर झेल्या भोपळ्यासकट बसला. ‘‘धरा! सोडू नका! मागे कुणी नाहीये, मागे तुमचं नशीब आहे!’’ असं ती ओरडायची. हळूहळू हात ऐकायला लागले. भोपळा छातीशी राहायला लागला. एके दिवशी तिने चहाचा कप दिला आणि त्याने तो चक्क प्यायला. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि खरंच, त्या वर्षी झेल्याच्या हातून एकही चेंडू मागे गेला नाही. पण त्याला कुणी शाबासकी दिली नाही. मुकादम म्हणायचा, ‘‘बेकरीशी सामना होऊ दे, मग बोलू.’’ तो सामना याही वर्षी शेवटचा आला आणि याही वर्षी त्याच्यावरच चषक ठरायचा होता. पोस्टमास्तरांचा नियम असा की बरोबरी झाली तर चषक आहे तिथेच राहील. म्हणजे बेकरीला बरोबरी चालणार होती, वीटभट्टीला जिंकायलाच हवं होतं. आणि सामना बेकरीच्या मैदानावर.

यजमानांनी पाहुण्या संघाला आधी जेवू घालायचं, अशी लीगची रीत. सासूबाईंनी झेल्याला स्वतः वाढायला घेतलं, तर तो ताट सोडून उठला आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन घरून आणलेली कोरडी शिदोरी खात बसला. सासूबाई दारात आल्या. ‘‘जावईबुवा, माझ्या हातचं विष आहे का?’’

‘‘आई, तुमच्या घरचं पाणी जरी प्यायलो तरी लोक म्हणतील लाच घेतली,’’ झेल्या म्हणाला. सासूबाई आत वळल्या. त्यांनी मुकादमाच्या ताटात पुढचा भात रागारागाने आपटला.

सामना सुरू झाला. सासरे एका बाजूला हाताची घडी घालून उभे, बायको दुसऱ्या बाजूला माहेरच्या बायकांत, पण त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून. पहिल्याच हल्ल्यात मुकादम पळता पळता पाठमोरा झाला, चेंडू त्याच्या पाठीवर आपटला आणि बेकरीच्या गोलात गेला. ‘‘मुद्दाम पाठ दिली!’’ असं तो नंतर मरेपर्यंत सांगायचा. कसंही असो, वीटभट्टी एका गोलाने पुढे. मग बेकरीवाले जे तुटून पडले ते पडलेच. मेहुण्याने उजवीकडून मारला, डावीकडून मारला, एकदा तर पोटात मारला. झेल्याने सगळे धरले आणि सगळे छातीशी. दर वेळी चेंडू हातात आला की वीटभट्टीच्या दहाही जणांचा श्वास अडकायचा. आपल्याच माणसांनी आपल्याकडे असं बघावं, याचं झेल्याला चेंडूपेक्षा जास्त ओझं होत होतं.

शेवटी शेवटी बेकरीला कॉर्नर मिळाला. एवढा एक परतवला की खेळ खलास. मुकादमाने सगळ्यांना मागे बोलावलं.

‘‘माझा याच्यावर भरवसा नाही,’’ तो झेल्यासमोरच म्हणाला. ‘‘मी याच्या पाठीशी उभा राहतो. माझ्या मागे तू, तुझ्या मागे तू. याने आहेर केला तर मी अडवीन, माझ्याकडून सुटला तर तू अडव.’’

गोलात असं उभं राहू नये असा नियम तेव्हा नव्हता, तो नंतर झाला. वीटभट्टीवाले झेल्याच्या मागे उभे राहिले. कसे उभे राहिले? एका ओळीत, एकामागे एक, हातभर अंतराने, पाय फाकवून. त्यांना दुसरं उभं राहणं माहीतच नव्हतं. ओळ झेल्यापासून निघाली ती दोन खांबांमधून थेट गोलाच्या पलीकडे गेली. बेकरीवाले बघतच राहिले. न्हाव्याने डोकं खाजवलं आणि शिट्टी दिली.

चेंडू आला. उंच, गिरक्या घेत. मेहुणा उडाला, झेल्या त्याच्याहून वर उडाला. धरला! दोन्ही हातांनी धरला, खाली आला आणि छातीशी घट्ट आवळला. त्या काळी गोलकीपरला चेंडूसकट ढकलून गोलात नेलं तरी चालायचं. बेकरीचे ते दांडगे अंगावर धावून आले. झेल्याने डोळे गच्च मिटले, पाय रोवले. जीव गेला तरी आता सोडायचा नाही. अंगणात बायको ओरडायची ते त्याच्या कानात घुमत होतं. त्याचे हात हलले नाहीत. देवाशपथ, हलले नाहीत!

मागे मुकादम हात पुढे करून उभा होता. समोर माल हातात घेऊन माणूस थांबलाय. मागे सगळी ओळ खोळंबलीय. मुकादमाच्या पोटात गोळा आला.

‘‘थांबलास काय? हां, दे!’’ तो गरजला.

आता सांगा, ज्या आवाजावर माणसाने आयुष्यभर विटा दिल्या, त्या आवाजाला तो नाही म्हणेल? झेल्या वळला आणि दिला. मुकादमाने झेलला, वळला, दिला. त्याच्या मागच्याने झेलला, वळला, दिला. चेंडू हातोहात गेला, एक हात चुकला नाही, एक पाय अडखळला नाही. काय सफाई होती! भट्टीवर पाहुणे आले तर दाखवावी अशी. सगळ्यात शेवटी उभा होता मुकादमाचा साडू. त्याने चेंडू घेतला, गोलाच्या पलीकडे गवतावर नीट बसवून ठेवला, वर एक थाप मारली आणि पुढची जोडी घ्यायला हात पसरून उभा राहिला.

‘‘हां, दे!’’ मुकादम म्हणाला. आणि मग त्याचा आवाज विरून गेला.

मैदानावर चिडीचूप. मेहुणा एक पाय वर उचललेला तसाच. न्हाव्याने शिट्टी तोंडाला लावली, पण हसण्याने फुंकरच बसेना, नुसतं फुर्र फुर्र व्हायला लागलं. मग आधी बायका हसल्या, मग पोस्टमास्तर हसले, मग अख्खं मैदान लोळायला लागलं. गोल झाला, बरोबरी झाली, चषक बेकरीतच राहिला. बेकरीवाल्यांनी त्या चेंडूला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मुकादम मात्र हसत नव्हता. तो आपले दोन्ही तळहात समोर धरून बघत होता, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. मग त्याने मान वर केली.

‘‘झेल्या,’’ तो म्हणाला, ‘‘अरे, हात आपोआप गेले रे.’’

‘‘मग मी वर्षभर दुसरं काय सांगतोय, मुकादम?’’

मुकादम म्हणजे जन्मात कधी चूक कबूल न केलेला माणूस. पण तो मैदानाकडे तोंड करून ओरडला, अगदी भट्टीवर ओरडतो तसा, ‘‘ऐका रे सगळे! याने धरला होता! याने सोडला नव्हता! मी मागितला! चषक माझ्यामुळे गेला, या मूर्ख मुकादमामुळे! आणि मागच्या वर्षीही हा खरंच बोलत होता!’’ एवढं बोलून त्याने टोपी काढली आणि ती झेल्याच्या डोक्यावर ठेवली. का ठेवली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

झेल्याने टोपी सावरली. मग तो गोलाच्या रेषेवर मटकन बसला आणि भोकाड पसरून रडायला लागला.

बेकरीवाल्यांची हसू पुसता पुसता धावपळ झाली. सासूबाई पाणी घेऊन आल्या, आणि या वेळी तो घटाघटा प्यायला. सासरे म्हणाले, ‘‘अहो जावईबापू, पितळेचा चषक तो, त्याच्यासाठी एवढं?’’ मेहुणा तर अगदी कळवळला. त्याच्यापाशी उकिडवा बसून पाठीवरून हात फिरवत म्हणाला, ‘‘दाजी, नका ना रडू. पुढच्या वर्षी जिंकाल. हरणं-जिंकणं चालायचंच.’’

गर्दीतून वाट काढत बायको आली. तिने भावाला दंडाला धरून बाजूला केलं आणि नवऱ्याच्या शेजारी रेषेवर बसली.

‘‘तू जा रे तिकडे,’’ ती भावाला म्हणाली. ‘‘हरले होते तेव्हा वर्षभर एक टिपूस गाळला नाही यांनी. आज जिंकलेत. पोटभर रडू दे.’’